बोली कोटीची, अनामत दहा हजारांची

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात हरियाणा सरकारच्या ऑनलाइन लिलावात गाडीचा एक नंबर देशभर गाजला. एचआर ८८ बी ८८८८. इंग्रजीतले मोठे 'बी' दुरून आठासारखेच दिसते, त्यामुळे पाटीवर आठांची सलग ओळ उभी राहते, ही त्या नंबराची खुमारी. मूळ किंमत होती ५० हजार रुपये आणि अर्ज आले ४५. बुधवारी, २६ तारखेला, दुपारी बारापर्यंत बोली ८८ लाखांवर पोहोचली. संध्याकाळी पाच वाजता लिलाव बंद झाला, तेव्हा आकडा होता एक कोटी १७ लाख. देशातला सर्वात महागडा नंबर म्हणून वाहिन्यांनी तो पुन्हा पुन्हा दाखवला.

१ डिसेंबरला पैसे भरायची मुदत संपली. पैसे आले नाहीत. बोली लावणाऱ्याची अनामत जप्त झाली, ती होती दहा हजार रुपये. राज्याचे परिवहनमंत्री अनिल विज यांनी बोली लावणाऱ्याची मालमत्ता आणि उत्पन्न तपासण्याचे आदेश दिले, प्राप्तिकर खात्यालाही कळवायचे ठरले.

या प्रकरणात त्या व्यक्तीवर भरपूर टीका झाली. पण व्यक्तीच्या आधी चुकली आहे ती पद्धत. एक कोटी १७ लाखांच्या बोलीमागे दहा हजारांची अनामत म्हणजे हजारी एक रुपयासुद्धा नाही. एवढ्याशा रकमेवर कोटीची बोली लावता येत असेल, तर आज ना उद्या कोणीतरी ती लावणारच. बोली बुडाल्यावर चौकशी बसवण्यापेक्षा, बोली लागत असतानाच तिच्यामागे पैसे आहेत की नाहीत हे पाहणे सोपे आहे, स्वस्त आहे आणि सगळ्यांना न्याय देणारेही आहे. त्यासाठी लागणारी साधने भारतात तयार आहेत, कोट्यवधी लोक ती वापरतात. लिलावांत मात्र ती आणली जात नाहीत. हे तातडीने व्हायला हवे.

हरियाणाचा प्रकार पहिला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात कोटखाईच्या नोंदणी कार्यालयाने एचपी ९९ ९९९९ हा दुचाकीचा नंबर ऑनलाइन लिलावात काढला होता. मूळ किंमत एक हजार रुपये. २६ जणांच्या चढाओढीत बोली गेली एक कोटी १२ लाख १५ हजार ५०० रुपयांवर. स्कूटरच्या किमतीच्या शंभरपट रकमेचा नंबर म्हणून त्याचीही देशभर चर्चा झाली, आणि त्याही वेळी सर्वोच्च बोलीचे पैसे सरकारकडे आले नाहीत. दोन राज्ये, पावणेतीन वर्षांचे अंतर आणि घटना तीच. म्हणजे हा एखाद्या माणसाच्या स्वभावाचा प्रश्न उरत नाही.

अशा बोलीत नुकसान कोणाचे होते? आधी सरकारी तिजोरीचे, कारण फेरलिलावात पहिला उत्साह क्वचितच परत येतो. त्याहून जास्त नुकसान होते ते प्रामाणिक बोलीदाराचे. मनाशी पाच लाखांची मर्यादा ठरवून, तेवढे पैसे खात्यात ठेवून जो माणूस लिलावात उतरला, तो पोकळ बोलीच्या धक्क्याने पहिल्या काही तासांतच बाहेर फेकला जातो. घराच्या किंवा जमिनीच्या लिलावात तर वस्तूलाच डाग लागतो. एकदा विकला गेलेला फ्लॅट पुन्हा लिलावाला आला की लोक कुजबुजतात, 'कागदपत्रांत काहीतरी भानगड असणार.' भानगड कागदपत्रांत नसते, आधीच्या बोलीत असते. पण किंमत पडायची ती पडतेच.

महाराष्ट्रातल्या आरटीओ कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत या बाबतीत शहाणी आहे. पसंतीच्या नंबराला ठरलेले शुल्क असते. ऑगस्ट २०२४ च्या दरवाढीनंतर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या 'एक' या नंबरासाठी ते सहा लाख रुपये झाले. एकाच नंबरासाठी एकाहून जास्त अर्ज आले, तर प्रत्येकाने शुल्काव्यतिरिक्त जेवढी जादा रक्कम द्यायची तयारी असेल तेवढ्याचा डिमांड ड्राफ्ट सीलबंद पाकिटात घालून द्यायचा. ठरलेल्या वेळी पाकिटे अर्जदारांसमोर उघडली जातात, ड्राफ्टवरचे आकडे वाचले जातात आणि ज्याचा आकडा मोठा त्याला नंबर मिळतो. बाकीच्यांचे ड्राफ्ट परत. या खोलीत कोणी कोटीची बोली लावून पसार होऊ शकत नाही, कारण बोली म्हणजेच ड्राफ्ट. आकडा सांगण्याआधी तो बँकेच्या खिडकीवर भरावा लागतो.

ही पद्धत संथ आहे, तीत हेलपाटे आहेत, आणि समोरच्याची बोली पाहून आपली वाढवायची सोय नाही. ऑनलाइन लिलावाने या तिन्ही अडचणी दूर केल्या आणि त्या ओघात पाकिटातला ड्राफ्टही काढून टाकला. आपल्याकडच्या व्यवहारांत तो ड्राफ्ट वेगवेगळ्या रूपांत नेहमीच होता. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरला की इसार हातावर ठेवला जातो. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती झाल्याशिवाय गावात कोणी सौदा पक्का मानत नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या लिलावात ट्रॉलीभोवती उभे राहून भाव पुकारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, आणि त्याचा चेहरा सगळ्या आवाराला ठाऊक असतो. पडद्यावरच्या बोलीदाराला चेहरा नसतो. म्हणून तिथे इसार अधिक भक्कम हवा होता. झाले नेमके उलटे.

सरकारचे नुकसान सरकार सोसून घेते. घरातली एकुलती एक वस्तू विकणाऱ्याला ते झेपत नाही. निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षकाने वडिलांनी जमवलेली जुनी नाणी विकायला काढली आहेत, असे समजा. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, काठाची झीज दिसेल असा खिडकीतला उजेड शोधायचा, वजन करायचे, माहिती लिहायची, आठवडाभर लोकांच्या शंकांना उत्तरे द्यायची. शेवटच्या दहा मिनिटांत बोली चढते आणि दोन हजारांचे नाणे आठ हजारांवर जाते. घरात आनंद होतो. पैसे पाठवण्याचा निरोप जातो. पहिल्या दिवशी उत्तर येते, 'उद्या करतो.' दुसऱ्या दिवशी बँकेचा सर्व्हर बंद असतो. तिसऱ्या दिवशी घरी कोणीतरी आजारी असते. चौथ्या दिवशी निरोपावर दोन निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. तोवर साडेसात हजारांपर्यंत आलेल्या दुसऱ्या ग्राहकाने तसेच नाणे दुसरीकडून घेतलेले असते.

ऑनलाइन लिलावाचा जगातला सर्वात मोठा अनुभव ईबेकडे आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये पियरे ओमिदयार यांनी कॅलिफोर्नियात हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. पैसे न भरणारा बोलीदार हे या व्यवसायाचे पहिल्या दिवसापासूनचे दुखणे आहे. तिथल्या नियमानुसार खरेदीदाराला चार दिवसांची मुदत मिळते. ती उलटली की विक्रेता सौदा रद्द करू शकतो, त्याला विक्रीवरचे शुल्क परत मिळते आणि खरेदीदाराच्या खात्यावर नोंद होते. अशा नोंदी असलेल्यांना आपल्या लिलावात येऊच द्यायचे नाही, अशी तजवीज विक्रेत्याला करता येते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच आकड्याला वस्तू देऊ करण्याचीही सोय आहे. अलीकडे अनेक बोलीदारांकडून पैसे भरण्याचे साधन आधीच नोंदवून घेतले जाते, ही त्यातली सर्वात उपयोगी सुधारणा.

तिथेही एक उणीव राहून गेली. मे २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल प्रतिकूल शेरा लिहिता येत नाही. कारण समजण्यासारखे होते. काही विक्रेते तक्रार करणाऱ्या ग्राहकाला उलट वाईट शेरा देण्याची धमकी देत. पण त्यामुळे पैसे बुडवणाऱ्याबद्दल इतर विक्रेत्यांना उघडपणे सावध करण्याचा मार्गही बंद झाला. भारतात ईबेची स्थानिक सेवा २०१८ मध्ये बंद झाली. आज नाणी, टपाल तिकिटे, जुनी पुस्तके, कॅमेरे यांचे कितीतरी लिलाव व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या गटांत होतात. तिथे गटाचा अॅडमिन हाच कायदा, आणि बुडव्याला गटातून काढणे एवढीच शिक्षा. तो दुसऱ्या क्रमांकावरून त्याच रात्री परत येऊ शकतो.

पैसे न भरणारे सगळे एकाच जातकुळीचे नसतात, आणि उपाय शोधताना हे लक्षात ठेवले पाहिजे. काही जण खेळाच्या भरात बोटाने आकडा वाढवतात आणि सकाळी भानावर येतात. काहींना जिंकल्यावर कळते की बाजारभावाच्या दुप्पट बोली झाली. त्याहून वाईट प्रकार ठरवून केलेला. दोघे साथीदार असतात. एक जण कमी आकड्याची बोली लावून ठेवतो, दुसरा अवाच्या सवा आकडा टाकतो. इतर सगळे गळतात. अखेरच्या क्षणी मोठी बोली मागे घेतली जाते आणि वस्तू पहिल्याला स्वस्तात पडते. कधी विक्रेताच दुसऱ्या नावाने बोली चढवतो. ती चुकून सर्वोच्च ठरली तर पैसे भरायला कोणी नसतेच. आपल्या वस्तुविक्री कायद्याने, म्हणजे १९३० च्या कायद्याच्या कलम ६४ ने, विक्रेत्याची अशी खोटी बोली सिद्ध झाल्यास विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे. त्याच कायद्याचे कलम ५४ पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला योग्य सूचना देऊन फेरविक्री करण्याचा आणि झालेली तूट मूळ खरेदीदाराकडून मागण्याचा हक्क देते. पण आठ हजारांच्या नाण्यातली तूट वसूल करायला परगावच्या कोर्टाची पायरी कोण चढणार? हक्क कागदावर आहे, तो हाताशी आणायचा राहिला आहे.

काही बोली निषेध म्हणूनही बुडवल्या जातात. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात फॅशनकार इव्ह सें लोराँ यांच्या संग्रहातली उंदीर आणि सशाची दोन कांस्यशिरे आली. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने बीजिंगचा ग्रीष्म राजवाडा लुटला, तेव्हा ती चीनमधून गेली होती. चिनी संग्राहक त्साय मिंगचाव यांनी फोनवरून सुमारे तीन कोटी १४ लाख युरोंची बोली लावली आणि मग जाहीर केले की पैसे देणार नाही, ही लुटीची वस्तू आहे. त्याआधी दोनच महिने अमेरिकेत यूटा राज्यात टिम डीक्रिस्टोफर या विद्यार्थ्याने सरकारी जमिनींच्या तेल-वायू भाडेपट्ट्यांच्या लिलावात शिरून सुमारे १८ लाख डॉलरचे १४ पट्टे बोलीत घेतले. पैसे देण्याचा त्याचा विचारच नव्हता, त्याला ते उत्खनन थांबवायचे होते. २०११ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. दोघांच्या हेतूंबद्दल आदर वाटू शकतो. ती शिरे २०१३ मध्ये चीनला भेट म्हणून मिळाली, यूटातले अनेक पट्टे सरकारनेच मागे घेतले. पण दोन्ही लिलावांनी खिसा न पाहता हात वर करू दिला, हेही तितकेच खरे.

हेतू उदात्त नसला तर काय होते, ते नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनच्या पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या लिलावगृहाने अनुभवले. एका घराच्या आवराआवरीत सापडलेल्या अठराव्या शतकातल्या चिनी फुलदाणीला चार कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली. अंदाज होता जेमतेम आठ ते बारा लाखांचा. घरातल्या वारसांचे आयुष्य पालटले, अशा बातम्या आल्या. पैसे मात्र आले नाहीत. दोन वर्षांहून अधिक काळ फुलदाणी तशीच राहिली आणि अखेर २०१३ मध्ये खासगी व्यवहारात, मूळ बोलीहून पुष्कळ कमी रकमेला गेल्याचे सांगितले गेले.

याहून मोठा धडा ऑस्ट्रेलिया सरकारने १९९३ मध्ये घेतला. उपग्रह टीव्हीचे दोन परवाने बंद पाकिटातल्या बोलींवर द्यायचे होते. अनामत मागितलीच नव्हती. दोन अनोळखी कंपन्यांच्या बोली सर्वात मोठ्या निघाल्या, एक २१ कोटी २० लाख डॉलरची, दुसरी १७ कोटी ७० लाखांची. मंत्र्यांनी अभिनंदन केले. मग कळले की दोन्ही आकडे पोकळ आहेत. बोली बुडाली की परवाना पुढच्या क्रमांकाला, असा नियम होता. एका कंपनीने तर ५०-५० लाखांच्या अंतराने बोलींची शिडीच लावून ठेवली होती. वरची पायरी सोडायची, खालची पकडायची. असे करत करत त्या कंपनीने एक परवाना ११ कोटी ७० लाखांना आणि दुसरा सात कोटी ७० लाखांना घेतला. नियम लिहिणारे एक ओळ विसरले आणि देशात ती सेवा सुरू व्हायला सुमारे वर्षभर उशीर झाला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोबाइल लहरींचे लिलाव सुरू केले. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्यांच्या रचनेत मोठा वाटा उचलला, आणि २०२० मध्ये दोघांना लिलावांवरच्या कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या नियमांत दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या गेल्या. एक, आधी भरघोस अनामत. दोन, बोली बुडवली तर फेरलिलावात येणारी तूट आणि वर तीन टक्के बुडवणाऱ्याने भरायचे. तिथेही जिथे हप्त्यांची सवलत दिली गेली, तिथे पंचाईत झाली. नेक्स्टवेव्ह या कंपनीने १९९६ मध्ये ४७० कोटी डॉलरहून मोठ्या बोली जिंकल्या, दोन वर्षांत दिवाळखोरी पुकारली, आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवाने तिच्याकडेच राहू दिले. तोवर त्या लहरी वापराविना पडून होत्या.

आपल्याकडे तूट वसूल करण्याचे तत्त्व यापेक्षा जुने आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कोर्टामार्फत होणाऱ्या जमीन-घराच्या लिलावासाठी नियम स्पष्ट लिहिले आहेत. बोली पक्की होताच २५ टक्के रक्कम भरायची, उरलेली १५ दिवसांत. पहिले २५ टक्के दिले नाहीत तर तिथेच फेरलिलाव. आणि बोली बुडवल्यामुळे फेरलिलावात किंमत कमी आली, तर ती तूट आणि खर्च बुडवणाऱ्याकडून वसूल करायचा. हा कायदा करणाऱ्यांसमोर ना इंटरनेट होते ना मोबाइल. त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

बँकांनी जप्त केलेल्या घरांच्या ई-लिलावालाही जवळपास हेच लागू आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के, बाकी १५ दिवसांत, आणि लेखी मुदतवाढ मिळाली तरी जास्तीत जास्त तीन महिने. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका खटल्यात हा नियम कसोटीला लावला. खरेदीदाराने १२ कोटी २७ लाखांची बोली लावून २५ टक्के, म्हणजे तीन कोटींहून जास्त रक्कम भरली होती. उरलेल्या रकमेसाठी त्याला कर्ज मिळाले नाही. बँकेने मालमत्ता पुन्हा विकली, तीही आधीपेक्षा जास्त दराने. बँकेचे नुकसानच झालेले नाही, मग एवढी रक्कम जप्त का, असा युक्तिवाद झाला आणि मद्रास हायकोर्टाने जप्ती ५५ लाखांपर्यंत खाली आणली. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केले नाही. पूर्ण २५ टक्के जप्त होतील, कारण ही नुकसानभरपाई नसून लिलावाची शिस्त राखणारी कायद्याची तरतूद आहे, असा त्या निकालाचा आशय.

निकाल योग्य आहे. एक बाजू मात्र अपुरी राहते. बँकेच्या लिलावात घर जाते ते कर्जदार कुटुंबाचे. खरेदीदार फिरला की विक्री लांबते, आणि त्या काळात व्याज त्याच कुटुंबाच्या डोक्यावर चढत राहते. जप्त झालेली रक्कम नियमाप्रमाणे बँकेकडे जाते. ती त्या कुटुंबाच्या कर्जातून वजा झाली पाहिजे, आणि तसे नियमातच शंका उरणार नाही अशा शब्दांत लिहिले गेले पाहिजे.

कडक नियमांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. अनामत वाढवली तर लिलाव श्रीमंतांपुरते उरतील, सामान्य माणूस बाहेर राहील. शिवाय बोली बुडवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवरचे दाऊद इब्राहिमचे जप्त केलेले हॉटेल लिलावाला आले. एका ज्येष्ठ पत्रकाराने चार कोटी २८ लाखांची बोली लावली. तिथे मुलांसाठी संगणक केंद्र काढायचा मानस होता, लोकवर्गणीवर भिस्त होती. वर्गणी पुरेशी जमली नाही आणि अनामत गेली. नोव्हेंबर २०१७ च्या फेरलिलावात ती जागा सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने चार कोटी ५३ लाखांना घेतली. त्या बोलीमागचे धाडस आणि हेतू दोन्ही मोठे होते. तरीही नियम तिला लागू झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण चांगल्या हेतूने बुडालेली बोलीसुद्धा पुढच्या माणसाला दोन वर्षे थांबवून ठेवते.

सामान्य माणसाला आत ठेवूनही बोलीला वजन कसे द्यायचे, याचे उत्तर भारताने शेअर बाजारात शोधून ठेवले आहे. नव्या शेअरसाठी अर्ज करणाऱ्याचे पैसे खात्यातून जात नाहीत, ते खात्यातच अडवले जातात. 'अस्बा' नावाची ही सोय सेबीने २००८ मध्ये आणली, २०१६ पासून सगळ्या अर्जदारांना सक्तीची केली आणि २०१९ पासून ती यूपीआयवरही आली. शेअर लागले तर पैसे कापले जातात, नाही लागले तर मोकळे होतात. तोवर ते खात्यातच राहतात, बचत खाते असेल तर व्याजही मिळत राहते. आज डोंबिवलीतली गृहिणी किंवा लातूरचा विद्यार्थी मोबाइलवर १५ हजारांच्या अर्जाला मान्यता देतो आणि ती पूर्ण रक्कम त्या क्षणी अडते. पंधरा हजारांच्या अर्जाला पूर्ण पैसे अडवणाऱ्या देशात एक कोटी १७ लाखांच्या बोलीला दहा हजार पुरतात, ही विसंगती आहे.

म्हणून अनामत मूळ किमतीवर बांधून ठेवू नये, ती बोलीबरोबर चढली पाहिजे. प्रवेशाची रक्कम लहानच असावी, म्हणजे कोणीही आत येऊ शकेल. बोलीने ठरावीक टप्पा ओलांडला की तिच्या २५ टक्के रक्कम खात्यात अडली पाहिजे, आणि ती अडेपर्यंत नवा आकडा पडद्यावर चढू नये. मागे पडलेल्याची रक्कम त्याच क्षणी मोकळी व्हावी. बोली बुडाली तर फेरलिलावातली तूट अडवलेल्या रकमेतून वळती व्हावी आणि तो माणूस ठरावीक काळ कोणत्याही सरकारी लिलावात उतरू शकू नये. त्यासाठी पॅनशी जोडलेली एकच यादी सगळ्या खात्यांनी वापरली पाहिजे, नाहीतर नंबरप्लेटच्या लिलावातून बाहेर काढलेला दुसऱ्या दिवशी वाळूच्या लिलावात उभा राहील. दुसऱ्या क्रमांकाला वस्तू देऊ करावी, पण त्याची बोली ज्या आकड्यापर्यंत खरी चढाओढ होती तिथवरच धरावी, आणि नाकारण्याची मोकळीक त्याला असावी. ऑस्ट्रेलियातल्या शिडीचा बंदोबस्त तेवढ्याने होतो.

छोट्या विक्रेत्यासाठीही हेच साधन लहान आकारात वापरता येईल. व्यवहार घडवून आणणाऱ्या संकेतस्थळांनी बोली लावतानाच यूपीआयवर रक्कम अडवण्याची सोय द्यावी. ज्याने तशी रक्कम अडवली आहे त्याच्या नावापुढे खूण दिसावी. कोणाची बोली धरायची हे मग विक्रेता ठरवेल. व्हॉट्सअॅप गटांच्या अॅडमिननी नवख्या सदस्याकडून छोटा इसार आधी घ्यावा, पाच-सहा व्यवहार नीट पार पडले की सूट द्यावी. घरच्या कपाटातली नाणी विकायला बसलेल्या शिक्षकाला कोर्टाची भाषा नको असते. जिंकलेल्या माणसाचे पैसे त्याच रात्री आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टात जाऊन पाकीट रवाना करू शकतो.

हरियाणाच्या त्या बुधवारी असा नियम असता, तर दुपारी बाराला ८८ लाखांची बोली लावणाऱ्याच्या खात्यात २२ लाख अडले असते आणि पाच वाजता एक कोटी १७ लाखांसाठी २९ लाख २५ हजार. कदाचित बोली तिथवर गेलीच नसती, वीस-पंचवीस लाखांवर थांबली असती. जिथे कुठे थांबली असती, तिथे अडवलेली रक्कम संध्याकाळी सव्वापाचला राज्याच्या तिजोरीत वळती झाली असती, उरलेल्या ४४ अर्जदारांचे पैसे मोकळे झाले असते, आणि त्यांतल्या प्रत्येकाने त्याच रात्री दुसरा नंबर निवडला असता.